गाडी सांगितली आहे

प्रत्येक मराठी कुटुंबात एक गाडीप्रमुख असतात. त्यांना कोणी निवडून दिलेलं नसतं आणि पदावरून काढण्याची सोयही नसते. एरवी ते बँकेतून निवृत्त झालेले, पाटबंधारे खात्यात नोकरीला असलेले किंवा नुसतेच थोरले जावई असतात. भाजी कुठली करायची यावर त्यांचं मत कोणी विचारत नाही. पण घरातलं कोणी विमानाने परदेशी जायचं ठरलं की सगळी सूत्रं आपोआप त्यांच्या हाती जातात. कोल्हापूर, सांगली, अकोला अशा गावांहून मंडळी एक दिवस आधी मुंबईत येतात आणि फोर्टातल्या एखाद्या बेताच्या हॉटेलात उतरतात. जाणार असतात आई-वडील दोघंच, लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेत, आणि पोचवायला आलेले असतात सहा जण. दुपारी पहिला घास घ्यायच्या आत गाडीप्रमुख रिसेप्शनवरून परततात आणि खुर्ची ओढता ओढता जाहीर करतात, ‘‘गाडी सांगितली आहे.’’ सासूबाईंना हायसं वाटतं. बाकीचे एकमेकांकडे बघतात, कारण आता संध्याकाळपर्यंतचा वेळ कसा जाणार हे त्यांना ठाऊक असतं. घरात त्यांच्याबद्दल तीन मतं कायमची ठरलेली आहेत: ते घाबरट आहेत, ते पैसे उधळतात आणि ते सगळ्यांना ताटकळत ठेवतात. तिन्ही मतं ऐकायला खरी वाटतात. पण हिशेब नीट मांडला तर असं दिसतं, की आपण नेमकं काय विकत घेतो आहोत हे त्या टेबलावर त्या एकट्यालाच कळलेलं असतं. बाकीच्यांना वाटतं, गाडी ठरली. गाडीप्रमुखांनी ठरवलेला असतो तो जाब विचारता येईल असा माणूस.

आधी घाबरटपणाचं बघू. पुरावा म्हणून घरचे लोक त्यांचं वेळेचं गणित सांगतात, आणि ते हसण्यासारखं आहे यात शंका नाही. विमान रात्री दीडचं. परदेशी जाणाऱ्यांनी तीन तास आधी यावं असं विमान कंपन्याच सांगतात, म्हणजे साडेदहा. फोर्टहून सहारला दीड तास, म्हणजे नऊ. वाटेत काही झालं तर अर्धा तास, साडेआठ. बॅगा खाली आणून गाडीत लावायला अर्धा तास, आठ. घरची माणसं आठ सांगितलं की साडेआठला उतरतात, म्हणून त्यांना सांगायचं साडेसात. ड्रायव्हर साडेसात सांगितलं की आठला येतो, म्हणून त्याला सांगायचं सात. इकडे सासूबाईंनी स्वतःच्या मनाने अर्धा तास आधीचा धरलेला असतो, आणि ड्रायव्हरला अशा गिऱ्हाइकांची सवय असल्यामुळे तो पावणेसातलाच खाली उभा राहून मिस्ड कॉल देतो. दीडच्या विमानाची गाडी ही अशी दिवेलागणीला दारात येते. मात्र या गणिताची पहिली पायरी घरात दुसऱ्या कोणाला जमलेली नसते, हे लक्षात घ्यावं. तिकिटावर पंधरा तारीख आणि ०१:३० ही वेळ छापलेली असते; म्हणजे घराबाहेर पडायचं चौदाच्या रात्री. दिसायला सोपं आहे, पण चांगल्या शिकल्यासवरल्या घरांतही इथे घोळ होतो. गाडीप्रमुख आठवडाभर प्रत्येक फोनवर ‘‘चौदाच्या रात्री, म्हणजे पंधराच्या पहाटे, म्हणजे चौदालाच’’ असं घोकत असतात आणि पोरं त्यांची नक्कल करतात. त्या पोरांना तारीख पाठ होते ती त्या नकलेमुळेच.

देशातल्या देशात जायचं असलं तर पेच वाढतो. सांताक्रूझचं टर्मिनल १ आणि सहारचं टर्मिनल २ एकाच विमानतळाची, पण दोघांमधलं अंतर बाहेरच्या रस्त्याने चार-पाच किलोमीटरचं. त्यात २०२५च्या डिसेंबरपासून उलव्याला नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला. तिकीट काढताना शंभर-दोनशे रुपये कमी दिसले म्हणून बीओएमऐवजी एनएमआय या तीन अक्षरांवर बोट दाबलं गेलं, तर माणूस उलव्याच्या ऐवजी पार्ल्याला जाऊन उभा राहील. तिकिटावरची ही अक्षरं चष्मा पुसून वाचणारा माणूस घरात एकच असतो. ‘‘मुंबई म्हणजे मुंबई, त्यात काय वाचायचं?’’ असं म्हणणारे बाकीचे.

‘‘पण काका, आता रस्ता चाळीस मिनिटांचा आहे,’’ असं पुतण्या मोबाइल पुढे करून म्हणतो. त्याच्या बाजूनेही पुरावा भक्कम आहे. वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ साली खुला झाला, विमानतळाकडे जाणारा सहारचा उन्नत मार्ग २०१४ साली, आणि २०२५च्या जानेवारीपासून कोस्टल रोडही उत्तरेकडे जाणाऱ्यांसाठी थेट सेतूला जोडला गेला. मरीन ड्राइव्हला बोगद्यात शिरलेली गाडी एकाही सिग्नलला न थांबता वांद्र्याला पोचते, हे खरंच आहे. पण वांद्र्याला उतरल्यावर पश्चिम द्रुतगती महामार्ग लागतो, आणि समुद्रावर वाचवलेली मिनिटं संध्याकाळी त्या पार्ल्यापर्यंतच्या पट्ट्यात व्याजासकट परत द्यावी लागतात. शिवाय मुंबईचा रस्ता तारखेप्रमाणे बदलतो. अनंत चतुर्दशीला गिरगावाच्या आसपास गाडी हलत नाही. जानेवारीतल्या मॅरेथॉनच्या रविवारी पहाटेपासून दक्षिण मुंबईतले हमरस्ते बंद असतात, आणि फोर्टातलं हॉटेल नेमकं त्या रस्त्यांच्या मधोमध असतं. जोराचा पाऊस झाला की हिंदमाता चौकात पाणी भरतं. आणि गाडीप्रमुखांचा हुकमी दाखला तर २६ जुलै २००५चा आहे. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला, आणि सांताक्रूझ म्हणजे विमानतळाच्या अंगणातलंच. यावर पुतण्याचं म्हणणं असं, की त्या दिवशी विमानतळही बंद पडला होता, तेव्हा लवकर निघून फायदा काय झाला असता? मुद्दा बिनतोड आहे. गाडीप्रमुख तो ऐकू आला नाही असं दाखवतात.

पण एक दाखला फसला म्हणून त्यांचं म्हणणं फसत नाही. चाळीस मिनिटं ही अनेक संध्याकाळींची सरासरी असते, आणि आई-वडिलांना सरासरीतून जायचं नसतं. त्यांना त्याच एका संध्याकाळी जायचं असतं. चुकीची किंमतही दोन्ही बाजूंना सारखी नाही. दोन तास लवकर पोचलं तर बाकावर बसून पाठ दुखते. दहा मिनिटं उशिरा पोचलं तर, सुटण्याच्या साधारण तासभर आधी चेक-इनचा काउंटर बंद होत असल्यामुळे, विमान समोर उभं असून उपयोग नाही; नवं तिकीट, पुढचं चुकलेलं विमान, तिकडे विमानतळावर येऊन थांबलेला जावई. एका पारड्यात पाठदुखी आणि दुसऱ्यात दोन माणसांची तिकिटं असताना जो माणूस पाठदुखी निवडतो, त्याला घाबरट म्हणायचं असेल तर विम्याचा हप्ता भरणाऱ्या सगळ्यांनाच म्हणावं लागेल.

आता पैशांचं. इथे पहिला आणि सर्वांत जोरदार आक्षेप मेट्रोचा. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो २०२५च्या ऑक्टोबरात पूर्ण सुरू झाली: ३३.५ किलोमीटर, २७ स्थानकं, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंतचं तिकीट ७० रुपये. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला बसावं आणि टर्मिनल २च्या स्थानकात उतरावं. ना सिग्नल, ना हिंदमाता. गाडीप्रमुख यावर सांगतात की मेट्रो रात्री बंद होते. ते खरं आहे, शेवटची गाडी साडेदहाच्या सुमारास सुटते. पण जो माणूस दीडच्या विमानाला सातला निघतो आहे त्याने हे कारण द्यावं, हे जरा अतीच झालं. खरं कारण वेगळं आहे आणि ते हॉटेलच्या खोलीत दाराशी उभं आहे. अमेरिकेला जाणाऱ्याला सहसा प्रत्येकी २३ किलोच्या दोन बॅगा नेता येतात. दोघांच्या चार, म्हणजे ९२ किलो. घरच्या काट्यावर प्रत्येक बॅग २२ किलो ८०० ग्रॅम भरेपर्यंत मेतकूट, डिंकाचे लाडू आणि बाळंतविड्याची सामग्री आत-बाहेर केलेली असते. त्याशिवाय दोन हातातल्या बॅगा, आणि सासूबाईंची ती पर्स जिच्यात अडुळशापासून अडकित्त्यापर्यंत सगळं असतं. (अडकित्ता सुरक्षा तपासणीत काढून घेतात. तो गाडीप्रमुखांनी गुपचूप आधीच काढून ठेवलेला असतो.) हा पसारा घेऊन पासष्टीच्या दोन माणसांनी संध्याकाळच्या गर्दीत सरकत्या जिन्याने भुयारात उतरावं, असं सुचवणाऱ्याने एकदा ती बॅग उचलून बघावी. पाठीवर एकच सॅक अडकवलेल्या पुतण्याने मात्र मेट्रोनेच जावं. गाडीप्रमुख त्याला अडवणार नाहीत; फक्त स्टेशनपर्यंत सोडायला गाडी सांगू का, एवढं विचारतील.

दुसरा आक्षेप काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा. २०२५च्या फेब्रुवारीपासून पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये हे भाडं आहे. फोर्ट ते सहार पंचवीस-एक किलोमीटर धरलं तर मीटरवर पाचशे-सव्वापाचशे होतात. हॉटेलचा ट्रॅव्हल डेस्क याहून कितीतरी जास्त सांगतो. मग वरचे पैसे कशाचे? शिवाय डेस्कवाला ती गाडी स्वतःच्या घरून थोडीच आणतो. बाहेरच्या ट्रॅव्हल्सवाल्याला फोन करतो आणि मधले पैसे ठेवून घेतो. हा आक्षेप खोटा नाही. पण गाडीप्रमुख पैसे देतात ते नेमके त्या मधल्या माणसासाठी. मोबाइलवर मागवलेली टॅक्सी पाच मिनिटांत येते हे मान्य. तशीच ती दुसऱ्या मिनिटाला ‘‘ड्रॉप कहाँ है? कैश है या ऑनलाइन?’’ असं विचारून चौथ्या मिनिटाला नाहीशीही होते, आणि पावसाची सर आली की तिचं भाडं आपलं आपण वाढतं. रद्द झाल्यावर भांडायचं कोणाशी? पडद्यावर एक चौकोन उघडतो आणि तुमची तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे असं कळवतो. डेस्कवाल्याचं तसं नाही. तो जिन्याखाली, खुर्चीवर, शर्टाच्या खिशाला नावाची पट्टी लावून बसलेला असतो. त्याच्यासमोर उभं राहता येतं. त्याच्या टेबलावर हात आपटता येतो, आणि हॉटेलचं बिल अजून चुकतं केलेलं नाही याची आठवण करून देता येते. एक गाडी पंक्चर झाली तर दुसरी आणणं हे त्याचं काम होऊन बसतं. मीटरच्या वरची रक्कम या खुर्चीवर बसलेल्या माणसाची आहे, आणि ती गाडीप्रमुख अगदी समजून-उमजून देतात. बोलताना मात्र ते कबूल करत नाहीत. ‘‘एसी गाडी आहे, आईंना बरं पडेल’’ असं सांगतात.

पैसे द्यायचे ठरले म्हणून ते निमूटपणे देतात असं मात्र नाही. मुलगी बघायला गेलेल्या जुन्या काळच्या मंडळींनी केली नसेल एवढी चौकशी ते गाडीची करतात. ठरलेल्या रकमेत ड्रॉप, की चार तास चाळीस किलोमीटर? गॅरेज टू गॅरेज धरणार असाल तर गॅरेज कुठे आहे? कारण गाडी कळव्याहून निघणार असेल तर कळव्याचे किलोमीटर आमच्या डोक्यावर. सेतूचा टोल धरून की वेगळा? पार्किंग? नाइट अलाउन्स किती वाजता लागतो? नंबर पिवळ्या पाटीचा आहे ना? डेस्कवाला इथे कंटाळलेला असतो, पण यातला एकही प्रश्न फुकट नाही. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने धावू लागली तर ते बेकायदा असतं आणि अपघातात विमा कंपनी हात वर करू शकते. चार तास चाळीस किलोमीटरच्या हिशेबात परतीची रिकामी गाडीही आपल्याच खात्यावर पडते. सर्वांत मोलाचा प्रश्न तर ते सगळ्यात शेवटी विचारतात: ‘‘डिकीत सीएनजीची टाकी आहे का?’’ मुंबईतल्या भाड्याच्या बऱ्याच सेडान गाड्या सीएनजीवर चालतात, टाकी डिकीत बसवलेली असते, आणि जाहिरातीत चार बॅगा गिळणाऱ्या डिकीत प्रत्यक्षात एक मोठी बॅग आणि एक चपलांची पिशवी मावते. उरलेल्या बॅगा माणसांच्या मांडीवर. हे हॉटेलच्या दारात, रात्री, मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकत कळणं आणि दुपारी डेस्कवर कळणं यात जो फरक आहे, तेवढ्यासाठी गाडीप्रमुखांच्या सगळ्या तऱ्हा सोसाव्यात. ते इनोव्हाच सांगतात. वर कॅरिअर आहे का तेही विचारतात.

इथवर त्यांची बाजू घेता येते. यापुढे घेता येत नाही. एकदा जाब विचारता येईल असा माणूस विकत घेतला की काळजी त्याच्या स्वाधीन करून आपण दुपारी डुलकी काढावी, हा या व्यवहाराचा अर्थ. गाडीप्रमुख पैसे पूर्ण देतात आणि काळजी मात्र स्वतःकडेच ठेवून घेतात. डेस्कवाल्याने ‘‘ड्रायव्हरचे डिटेल्स पाठवतो’’ म्हटल्यापासून ते दर दहा मिनिटांनी फोन उलटा करून बघतात. नाव, नंबर आणि गाडीचा क्रमांक आला की लगेच त्याला फोन: ‘‘दादा, सात वाजता हं.’’ चारला पुन्हा: ‘‘निघालात का?’’ पाचला: ‘‘कुठवर आलात?’’ गाडीचा क्रमांक एमएच ०४ने सुरू होतो म्हणजे गाडी ठाण्याची, म्हणजे आता ठाण्यात ट्रॅफिक असणार, म्हणून पावणेसहाला आणखी एक. यावर त्यांचं समर्थन असं, की विचारत राहिलं नाही तर माणसं विसरतात. पण ड्रायव्हर विसरलेला नसतो, तो गाडी चालवत असतो, आणि गिऱ्हाईक नाराज होऊ नये म्हणून स्टिअरिंगवरचा एक हात काढून फोन घेत असतो. आदल्या रात्रीचं भाडं सोडून तो पहाटे घरी गेलेला असतो, घर बहुधा दिव्याला किंवा नालासोपाऱ्याला, आणि गाडी त्याच्या स्वतःच्या मालकीची असतेच असं नाही. फोर्टात गाडी लावायला जागा नाही. लवकर बोलावलं तर तो गल्लीला फेऱ्या मारतो नाहीतर नो पार्किंगचं ई-चलान सोसतो. ते चलान मालक त्याच्या पगारातून कापतो. गाडीप्रमुखांच्या गणितातला तो जास्तीचा अर्धा तास असा कोणाच्या तरी खिशातून येतो, आणि तो खिसा ते कधी मोजत नाहीत. पन्नास प्रश्न विचारणाऱ्या माणसाला ‘‘जेवलात का?’’ हा एक सुचत नाही, एवढीच त्यांच्याविरुद्धची खरी तक्रार आहे. घरच्यांनी ती कधी केलेली नाही.

ताटकळत ठेवण्याचा आरोप राहिला. साडेआठला सहारला पोचून साडेदहापर्यंत करायचं काय, असं सगळे विचारतात. टर्मिनलच्या दारात जवान तिकीट आणि ओळखपत्र बघून आत सोडतात, त्यामुळे पोचवायला आलेल्या सहा जणांना निरोप दाराबाहेरच घ्यावा लागतो. सासूबाई घाईत निरोप घेणाऱ्यांतल्या नव्हेत. औषधांच्या गोळ्या कुठल्या कप्प्यात आहेत, दूधवाल्याला काय सांगायचं, कुंड्यांना पाणी कोणी घालायचं, हे सगळं चौथ्यांदा सांगायला आणि मग डोळे पुसायला तासभर लागतोच. विमान चुकायची भीती मानगुटीवर असती तर हे सगळं गाडीच्या दारातच उरकावं लागलं असतं. तेवढ्या वेळात गाडीप्रमुख एकटेच लांब उभे राहून पार्किंगची पावती किती वाजताची आहे हे बघत असतात. परत हॉटेलवर जायलाही तीच गाडी सांगितलेली असते, वेटिंगचा दर दुपारीच ठरवून.

तेव्हा त्यांना पदावरून काढू नये. त्यांनी सांगितलेली गाडी महाग पडते, लवकर येते आणि तिने आजवर विमान चुकवलेलं नाही. घाबरटपणा म्हणा की आणखी काही, घरातल्या दुसऱ्या कोणाच्या नावावर एवढी कामगिरी नाही. पण पुढच्या वेळी गाडी सांगितल्यावर त्यांच्या हातातला फोन जेवणापुरता तरी काढून घ्या. ड्रायव्हरला एकच फोन पुरतो, तो निघायच्या तासभर आधी. चहाला खाली उतरलात तर त्यालाही बोलवा. टोल आणि पार्किंगचे पैसे कबूल केले असतील तर उतरताना घासाघीस न करता देऊन टाका. आणि डेस्कवर बॅगांचा आकडा विचारला की तो खरा सांगा. ‘‘दोन-तीन आहेत, छोट्या’’ असं म्हणून संध्याकाळी चार मोठ्या बाहेर काढू नका.